गॅलिक डोंगरनावांची मराठी सूची: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, इन्व्हर्नेस

गॅलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतल्या डोंगरनावांची मराठी सूची करायची, तिचा आवाका ठरवला. सगळे मन्रो घ्यायचे नाहीत. मन्रो म्हणजे स्कॉटलंडमधले ३,००० फुटांवरचे, म्हणजे ९१४.४ मीटरच्या वरचे डोंगर. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये पहिली यादी छापली तेव्हा त्यात ५३८ शिखरं होती आणि त्यांतली २८३ स्वतंत्र डोंगर मानलेली. आज अधिकृत आकडा २८२. एवढ्या सगळ्यांच्या मागे लागलो तर उच्चारांच्या रकान्यातच जन्म जाईल. म्हणून आधी चार पट्टे: इन्व्हर्नेसच्या आसपासचा रॉस-शर, केर्नगॉर्म, ग्लेन्को ते फोर्ट विल्यम, आणि स्काय बेट.

सूची कुणासाठी? इथे भटकणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. ग्रुपवर फोटो येतात, पण बेन नेव्हिस सोडला तर डोंगराचं नाव कुणी घेत नाही. "परवाचा तो लांब धारवाला", "तो लॉखशेजारचा" (लॉख म्हणजे तळं). सह्याद्रीत हीच माणसं सुळका, सोंड, नाळ, खिंड, पदर यांत गल्लत करत नाहीत. अडचण माणसांची नाही, नकाशावरच्या स्पेलिंगची आहे.

रकाने: नकाशावरचं रूप, गॅलिक रूप, उच्चार, शब्दशः अर्थ, जागेवर प्रत्यक्ष काय आहे, आधार. अर्थाचा रकाना मोकळा राहिला तरी चालेल, आधाराचा राहिलेला चालणार नाही.

२ फेब्रुवारी

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-कचेरीच्या नावनोंदवह्या वाचायला घेतल्या. एकोणिसाव्या शतकात सहा इंचाला एक मैल या प्रमाणाचे नकाशे करताना सर्वेक्षकांनी प्रत्येक नावाची नोंद वहीत केली. स्कॅन केलेली पानं घरबसल्या बघता येतात. छापील कोष्टक आहे: नकाशावर लिहायचं नाव, स्पेलिंगचे वेगवेगळे प्रकार, ते कुणी सांगितले, जागा कुठे, आणि वर्णन.

मला सगळ्यांत कामाचा वाटतो तो तिसरा रकाना. नाव सांगणारे कोण? जमीनदाराचा कारभारी, चर्चचा मिनिस्टर, शाळामास्तर, शिकारीच्या रानाचा राखणदार, मेंढपाळ. यांतल्या कित्येकांची गॅलिक पक्की होती, काहींची अजिबात नव्हती. मेंढ्यांसोबत दक्षिणेकडून आलेला मेंढपाळ डोंगराचं नाव शेजाऱ्याकडून ऐकून पुढे सांगणार. सर्वेक्षक, म्हणजे बहुतेक वेळा सैन्यातला इंजिनिअर, ते इंग्रजी कानाने ऐकणार.

उत्तरेकडच्या सदरलँड परगण्याची पानं वाचताना हे जास्त खुपतं. स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातली कुळं १८१४ आणि १८१९ मध्ये हुसकावली, घरं जाळली, तिथे मेंढ्या आणल्या. सर्वेक्षक त्या भागात पोचले १८७० च्या दशकात. ज्यांच्या आजोबांनी त्या उतारांवर गुरं चारली होती ते तोवर समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर नाहीतर थेट कॅनडात. नावं विचारली गेली ती मागे उरलेल्यांना.

म्हणून आधाराच्या रकान्यात "नोंदवही" एवढं लिहून भागणार नाही. सांगणाऱ्याचा धंदाही लिहायचा.

१ मार्च

उच्चार. अख्खा आठवडा यात गेला आणि मजा आली.

पहिला नियम: स्पेलिंगमध्ये बी-एच किंवा एम-एच दिसलं की "व". आपला हात सवयीने "भ" लिहायला जातो, तो आवरायचा. "मोर" म्हणजे मोठा, पण "बेइन्" (नकाशावर "बेन") हा डोंगरवाचक शब्द स्त्रीलिंगी असल्याने त्याच्या पुढे "मोर"चा "व्होर" होतो. "कार्न" म्हणजे दगडांची रास, तो पुल्लिंगी, म्हणून "कार्न मोर" जसाच्या तसा. विशेषणाने नामाचं लिंग धरायचं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. मोठा, मोठी, मोठं. फरक इतकाच की आपलं विशेषण शेपटीकडून बदलतं आणि त्यांचं तोंडाकडून.

नकाशाने मात्र यात एकवाक्यता ठेवलेली नाही. मल बेटावरच्या ९६६ मीटरच्या डोंगराला "बेन मोर" लिहिलं, व्होर नाही. पिटलॉख्रीजवळच्या डोंगराला "बेन व्रॅकी" लिहिलं, तिथे तोच नियम पाळला. एकाच भाषेतली दोन नावं, एकाच कचेरीचे नकाशे.

दुसरा नियम जास्त गोड आहे. गॅलिकचा "ब" आपल्या कानाला "प"कडे झुकलेला लागतो आणि त्यांचा "क" आपल्या "ख"कडे, कारण तिथे भेद घोषाचा (प-ब) नसून महाप्राणाचा (प-फ) आहे. इंग्रजी अक्षरांत हे दाखवता येत नाही. देवनागरीत येतं: "पेक" म्हणजे लहान, "खार्न" म्हणजे रास. शिवाय "लॉख"मधला घशातला "ख़" वेगळा, त्याला नुक्ता. असं काटेकोर रूप उच्चाराच्या रकान्यात द्यायचं, बाकी मजकुरात नकाशाच्या जवळचं. नाहीतर "पेइन्य नीव्हिश" वाचून कुणी डोंगर ओळखायचा नाही.

तिसरी गोष्ट. "गॉर्म" म्हणजे निळा, पण बोलताना र आणि म यांच्यामध्ये एक स्वर शिरतो: "गॉरॉम". "द्येर्ग" म्हणजे लाल, त्याचं "द्येरग". आपण धर्माचं धरम करतो तसं. गॅलिकवरच्या व्याकरणाच्या पुस्तकांत या शिरलेल्या स्वराला चक्क "स्वरभक्ती" म्हणतात. संस्कृत वैयाकरणांची संज्ञा भाषाशास्त्रज्ञांनी उचलली आणि ती हायलंड्समध्ये येऊन कायमची राहिली. मराठी सूचीत या रकान्याला नाव शोधावं लागलं नाही.

२३ मार्च

स्कायच्या एका निवृत्त शिक्षिका ध्वनिमुद्रणाला तयार झाल्या. घरात बालपणापासून गॅलिक. मी त्यांना बाई म्हणतो हे त्यांना सांगितलं, तेव्हा आमच्या शाळेत बाईंना काय म्हणत यावर पाच मिनिटं गेली.

मी यादी समोर ठेवली. स्कायवरच्या क्युलिन रांगेची नावं त्यांनी सरळ वाचली, मध्येच थांबून "हे आम्ही इतकं लांब म्हणत नाही" असं म्हणत. रॉस-शरच्या पानावर आल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "हे मी वाचून दाखवीन, पण ते स्कायवालीचं वाचन होईल. स्ट्रॅथपेफरची माणसं काय म्हणत, ते माझ्या तोंडून घेऊ नकोस."

रेकॉर्डिंगमधलं हे वाक्य मी ठेवलं आहे. नकाशावरचं नाव शुद्ध गॅलिकमध्ये वाचून दाखवणारा कोणीही मिळेल. २०२२ च्या जनगणनेत गॅलिक बोलणारे ६९,७०१ निघाले. पण त्या खोऱ्यातला, त्या डोंगराखाली वाढलेला बोलणारा ही निराळी गोष्ट, आणि पूर्वेकडच्या बहुतेक खोऱ्यांत तो आता नाही. तिथे जुन्या ध्वनिफितींकडे वळावं लागतं. एडिनबरा विद्यापीठात १९५१ मध्ये स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झालं, त्यांचे लोक टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव हिंडले. त्यांतलं बरंचसं "टोबर अन दुआलखस" या संग्रहात ऐकायला मिळतं. गाणी आणि गोष्टी ऐकत बसायचं, मध्ये कुठेतरी डोंगराचं नाव सहज येऊन जातं. विचारून घेतलेल्या उच्चारापेक्षा असा ओघात आलेला जास्त भरवशाचा.

उच्चाराच्या रकान्यात आता दोन ओळी: स्थानिक, आणि वाचून.

१९ एप्रिल

बेन विव्हिस. गार्बटच्या गाडीतळावरून ओढ्याच्या कडेने वर, मग अन काबरची उभी चढण. काबर म्हणजे सांबरशिंग किंवा लाकडाचा वासा. ९४६ मीटरवरचा हा टप्पा मागून बघितला की नाव लगेच पटतं, धारेतून शिंगासारखा पुढे आलेला. वर पोचल्यावर चढ संपतो आणि शेवाळाची गादी सुरू होते, रुंद, सपाट, पावलाचा आवाज न होऊ देणारी. वाट सोडू नका अशी पाटी आहे, शेवाळ तुडवलं तर भरून यायला वर्षं लागतात. उत्तरेच्या घळींत बर्फ होतं.

सर्वोच्च टोक १,०४६ मीटर. नाव: ग्लास लेअद मोर. "लेअद" म्हणजे उतार. मोठा करडा-हिरवा उतार. म्हणजे ज्या बिंदूवर मी दगडी खांबाला टेकून चहा प्यायलो त्याचं हे नावच नव्हे. हे खालून दिसणाऱ्या, जनावरं चढतात त्या भल्यामोठ्या अंगाचं नाव. नकाशावाल्यांना टोकापाशी लिहायला काहीतरी हवं होतं, जवळचं जे होतं ते लिहिलं. मग यादी करणाऱ्यांनी त्याला शिखर केलं.

डोंगराचं पूर्ण नाव, बेइन् उअश, यावर दोन मतं आहेत. एक "भुताटकी, भय" या शब्दाशी जोडणारं, दुसरं "उंच, थोर" या शब्दाशी. दोन्ही लिहिली. मुन्रो ऑफ फाउलिस घराण्याबद्दल सांगतात की राजाने मागितलं तर वर्षातल्या कुठल्याही दिवशी बर्फाचा गोळा हजर करायचा, या अटीवर त्यांना जमीन मिळाली, आणि तो गोळा विव्हिसवरून यायचा. गोष्ट अर्थाच्या रकान्यात नाही टाकली. टीपेत टाकली, कारण चांगली आहे.

१० मे

विव्हिसपासून डोक्यात किडा वळवळत होता म्हणून यादी उलटी लावून बघितली: नावातला मुख्य शब्द काय, यावरून. आणि मग एक गोष्ट स्वच्छ दिसली. शिखरांची कित्येक नावं शिखरांची नाहीतच. ती "कोइरे"ची आहेत.

कोइरे म्हणजे मूळ अर्थाने कढई, पातेलं. हिमनदीने डोंगराच्या अंगात कोरलेला अर्धगोल खळगा, तीन बाजूंनी कडे, तळाशी बहुधा एखादं तळं. सह्याद्रीत असा प्रकार नाही, त्यामुळे मराठीत "कढई" हाच शब्द घेतला. आता नावं बघा. ग्लेन्कोचं स्टॉब कोइरे नान लोखन, १,११५ मीटर: तळ्यांच्या कढईवरचं टोक. लिआख डोंगराचं सर्वोच्च टोक, स्पीद्यन अ खोइरे ली, १,०५५ मीटर: करड्या कढईचं टोक. मुलख कोइरे विक एरखर: फर्खरच्या मुलाच्या कढईचा माथा. टोकाला स्वतःची ओळख नाही, ते खालच्या खळग्याचं कोणीतरी लागतं.

का, ते खळग्यात उतरलं की कळतं. गवत तिथे. पाणी तिथे. वाऱ्याचा आडोसा तिथे, हरणं तिथे, उन्हाळ्यात गुरं तिथे. वरच्या टोकाशी कुणाचं काय काम? ग्लेन्कोतलं कोइरे गावल घ्या. पर्यटकांच्या पाट्यांवर ते "हरवलेलं खोरं" असतं. गॅलिकमध्ये तो "धरून आणलेल्याचा" खळगा. मॅकडोनल्ड कुळातली मंडळी पळवून आणलेली गुरं इथे दडवायची असं सांगतात. तोंडाशी दरड कोसळून प्रचंड धोंडे पडलेत, आत गेल्यावर एकदम सपाट माळ. बाहेरून एक शेपूट दिसायचं नाही. नाव अगदी कामाचं आहे, गुरं चोरणाऱ्याच्याही आणि शोधणाऱ्याच्याही.

म्हणून नवीन रकाना: "कुठून बघून दिलेलं नाव". खालून, कढईतून, खिंडीतून, समुद्रातून. अर्थाच्या आधी हा भरायचा. ज्यांनी नावं दिली त्यांना माथा गाठायचा नव्हता, हे लक्षात ठेवलं तर निम्मी कोडी सुटतात. माथा गाठणारे आपण, नंतर आलेले.

७ जून

रंगांनी दमवलं.

"गॉर्म" निळा, पण दाट गवतालाही गॉर्मच. "ग्लास" करडा, आणि हिरवटही. "लीअ" राखाडी-निळसर. "उआने" झगझगीत हिरवा, लोखन उआने म्हणून तळी आहेत ती बघा म्हणजे समजेल. लाल दोन: "द्येर्ग" भडक, "रुअ" तांबूस. "ओअर" मळकट पिवळा-तपकिरी. "रीअवख" वाघ्या पट्ट्यांचा, ब्रेरीआख या १,२९६ मीटरच्या डोंगराच्या नावात तो आहे. "ब्रेख़्क" म्हणजे ठिपकेदार. तोच शब्द ट्राउट माशाला आणि तोच देवीच्या रोगालाही. बेन व्रॅकी म्हणजे हा ठिपक्यांचा डोंगर: हेदर, गवत आणि उघडा दगड यांचे डाग.

माझा निर्णय: एका गॅलिक रंगाला एकच मराठी रंग असा हट्ट सोडला. बांडा, कबरा, करडा, भुरा, तांबूस हे गुरांच्या अंगावरचे शब्द जास्त चपखल बसतात, ते वापरले. गुराख्याच्या डोळ्याने दिलेली नावं आहेत, शब्द गोठ्यातलेच हवेत.

केर्नगॉर्मची गंमत वेगळीच. केर्नगॉर्म हा एक डोंगर, १,२४५ मीटर, नावाने निळा. पण अख्ख्या रांगेचं गॅलिक नाव आम मोनग रुअ, तांबूस डोंगरवट, कारण तिथला ग्रॅनाइट गुलाबी-तांबूस आहे. समोर स्पे नदीपलीकडची रांग मोनग लीअ, राखाडी. दोन्ही नावं एकमेकींकडे बघून ठेवलेली. बाहेरच्यांनी एका डोंगराचं नाव उचलून सगळ्या रांगेला दिलं आणि तांबडी रांग निळी झाली. आता तेच राष्ट्रीय उद्यानाचं नाव.

२८ जून

"आरी" असलेली नावं वेगळी काढली. आरी म्हणजे उन्हाळी चराईचं ठिकाण. मे महिन्यात बायका-पोरं गुरं घेऊन वर जात, दगड-मातीच्या खोपट्यांत राहत, लोणी आणि चीज करून ठेवत. मुख्य भूमीवर हे एकोणिसाव्या शतकात संपत आलं, लुईस बेटावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललं. उजाड माळावर एकदम पोपटी गवताचा तुकडा दिसला की थांबायचं: शेणखताने अजून हिरवा आहे, गवतात खोपटांचे पाये सापडतात.

१२ जुलै

फोर्ट विल्यमकडचे आओनख मोर आणि आओनख बेग. मोठी धार, लहान धार. लहान १,२३४ मीटर, मोठी १,२२१. ग्रुपवर एकाने लगेच "चूक दुरुस्त करा" म्हणून कळवलं. चूक नाही. मोर-बेग हे आकारमानाचं बोलणं आहे, उंचीचं नव्हे. खालून बघणाऱ्याला मोरचा पसारा दिसतो. मीटर नंतर आले.

२ ऑगस्ट, स्काय

इथे नियम बदलतात. क्युलिनच्या काही काळ्या दगडी सुळक्यांना माणसांची नावं आहेत. स्गूर अलस्तर, ९९२ मीटर, बेटावरचं सर्वांत उंच: शेरीफ अलेक्झांडर निकल्सन १८७३ मध्ये चढले, त्यांचं गॅलिक नाव अलस्तर. शेजारचं स्गूर विक खोन्यिख हे वाटाड्या जॉन मॅकेन्झीच्या नावाचं, आणि स्गूर ह्यारलिख चार्ल्स पिल्किंग्टनच्या नावाचं. रूप अस्सल गॅलिक, वय जेमतेम दीडशे वर्षं. अलस्तरला आधी स्गूर बिरख म्हणत, टोकदार सुळका. ते सूचीत पहिल्या ओळीत घेतलं, अलस्तर दुसऱ्या.

समोरच्या रम बेटाकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या, "ती आमची नव्हेत." आस्किव्हल, हॅलिव्हल, ट्रोलावल. शेवटचा "वल" म्हणजे नॉर्स भाषेतला डोंगर. व्हायकिंग समुद्रातून आले, खुणेसाठी डोंगरांना नावं दिली, गॅलिक माणसांनी ती तशीच ठेवली. उत्तरेकडचा सुलव्हेन अर्धा-अर्धा: नॉर्स "सुला" म्हणजे खांब, पुढे गॅलिक "बेइन्". ७३१ मीटरचा तो डोंगर समुद्राकडून खांब आहे, बाजूने बघितला तर लांबलचक धार. कुठून बघून दिलेलं नाव, हा रकाना इथे आपोआप भरला.

२३ ऑगस्ट

ग्रुपवर सगळ्यांत जास्त वाचली जाणार ती नोंद. केर्नगॉर्ममधला "डेव्हिल्स पॉइंट", १,००४ मीटर. गॅलिकमध्ये बोद अन द्येवन: सैतानाचं लिंग. राणी व्हिक्टोरियाने अर्थ विचारला आणि सोबतचा नोकर जॉन ब्राउन याने लाजेकाजेस्तव "टोक" म्हणून वेळ मारून नेली, अशी गोष्ट आहे. खरी असो नसो, इंग्रजी नकाशावर टोकच राहिलं. त्यावर कडी म्हणजे जवळच्या १,२५८ मीटरच्या स्गोर अन लोखन उआनेला, म्हणजे हिरव्या तळ्याच्या सुळक्याला, सैतानाच्या जोडीला देवदूत हवा म्हणून एकोणिसाव्या शतकात "एंजल्स पीक" करून टाकलं. खंडाळ्याच्या नागफणीचा ड्यूक्स नोज झाला तसाच प्रकार.

सूचीत सोवळं पाळलेलं नाही. लॉखनागारचं जुनं नाव बेइन् खीअखन, स्तनांचा डोंगर, तेही तसंच लिहिलं. लॉखनागार हे मुळात त्याच्या कुशीतल्या तळ्याचं नाव, कल्लोळ करणाऱ्या तळ्याचं. पुन्हा तीच कथा: खालची जागा वर चढली.

५ ऑक्टोबर

शीहॅलियन पुरा झाला. १,०८३ मीटर. १७७४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मॅस्केलाइन याच डोंगराच्या ओढीने ओळंबा किती ढळतो ते मोजत बसले होते, पृथ्वीची घनता काढायला. नाव शी खाल्यन: कॅलेडोनियनांचा परीडोंगर. असा अर्थ एका नावावरून कुणी मांडला असता तर मी घेतला नसता. पण थोड्या अंतरावर डंकेल्ड आहे, दून खाल्यन, त्यांचाच किल्ला. आणि रोहॅलियन, त्यांचीच गढी. रोमनांनी ज्यांची नोंद केली ती जमात तीन नावांत एकाच मुलखात सापडते. आधाराच्या रकान्यात तिन्ही लिहिली.

बेन नेव्हिसच्या अर्थापुढे दोन तर्क लिहिले, "विखारी" आणि "ढगांतला", दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह. लोकांना सर्वांत उंच डोंगराचा अर्थ ठामपणे हवा असतो. मिळणार नाही.

वर्णानुक्रमाचा वाद मिटवला. "बेइन्" धरून लावलं तर निम्मी सूची ब मध्ये जाते, म्हणून दुसऱ्या शब्दावरून लावायची: विव्हिस व मध्ये, व्रॅकीही व मध्ये, नकाशाचं रूप शेजारी. फाइल बाईंकडे तपासायला पाठवली आहे, स्कायची पानं आधी. टोरिडनचा पट्टा घेतला तर नावनोंदवहीचे रॉस-शरचे पुढचे खंड हिवाळ्यात उतरवून घ्यावे लागतील. अक्षर वाचायला ज्यांना जमतं त्यांनी कळवावं, काम पानागणिक वाटून देता येईल.